तीन म्हटल्यावर

रविवार, ९ फेब्रुवारी

पाहिला. समोरासमोर. हातभर अंतरावरून!

मला वाटलं होतं, ज्याच्या होडीने माझ्या धाकट्या बहिणीचा उजवा हात नेला तो निदान दिसायला तरी राक्षस असेल. तर हा एवढासा, सुकलेला, धक्क्यावर उन्हात पाय पसरून पडलेला. डोळे अर्धे मिटलेले. हलत नाही, बोलत नाही, नुसता बघतो. मगर! नाव ठरलं.

म्हटलं, "टाकी बांधून पाण्याखाली जायला शिकवता म्हणे तुम्ही."

"वय?"

"त्रेसष्ट. तुमचं?"

हसला नाही. डॉक्टरचा दाखला मागितला. तो पर्समध्ये घालूनच गेले होते. विमा कंपनीच्या दाव्यांच्या खात्यात उभा जन्म घालवला आहे मी. गळा धरायचा तर आधी गळ्याजवळ जावं लागतं.

गेल्या नोव्हेंबरात धाकटी आणि मेहुणे याच होडीतून पाण्यात उतरले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तिची हौस होती, मेहुण्यांनी पुरवली. धाकटी वर आली ती मानेला मार आणि उजवा हात लुळा घेऊन. घड्याळं दुरुस्त करायची ती. जिन्याखालच्या दुकानात, डोळ्याला भिंग लावून, मुंगीच्या डोळ्याएवढे स्क्रू फिरवायची. आता स्वेटरचं बटण लागत नाही तिला. हात आहे, पण कोणीतरी विसरून गेल्यासारखा मांडीवर पडलेला असतो.

आणि या मगरीने इस्पितळात काय सांगितलं? "अपघात झाला. जबाबदारी माझी." संपलं! जबाबदारी म्हणजे टोपी आहे का, घातली नि काढली?

याचा परवाना रद्द करवल्याशिवाय मी राहणार नाही. याची होडी धक्क्यावर पालथी पडलेली बघायची आहे मला. आणि तिच्यावर बसून चहा प्यायचा आहे.

सोमवार, १० फेब्रुवारी

घरी दोघांनाही सांगितलं, गुडघ्यांसाठी पोहायला जाते. खोटंही नाही. गुडघे बरोबरच नेणार आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

अपघातानंतर मी इथे धाकटीच्या घरी राहायला आले, ते तिची सेवा करायला. पण करायला काही उरतच नाही. मेहुणे सगळं करतात. सकाळी तिचे केस विंचरतात, वेणी घालतात – आधी दोरखंड वळल्यासारखी घालायचे, आता छान जमते – बटणं लावतात, घास भरवतात. माणूस सोनं आहे. एरवी जरा ढिला. सगळे जेवून उठले की हा खुर्ची ओढणार. लिफ्टचं दार मिटायला लागलं की आत पाय टाकणार. त्यावरून मी पूर्वी फार बोलायची त्यांना. आता जीभ आवरते.

आज वरच्या मजल्यावरचं जोडपं भेटायला आलं होतं. मेहुण्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. "त्याने एक-दोन म्हटलं, तीन म्हटलंच नाही. एकेकाला ढकलल्यासारखं केलं. इंजिन चालूच होतं. होडी फिरली आणि काठ हिच्या डोक्यात बसला." मला सांगितलं होतं तेच, शब्दाला शब्द. किती खोल रुतलं असेल बिचाऱ्याच्या मनात!

धाकटी खिडकीबाहेर बघत होती. तिला म्हणे काहीच आठवत नाही.

रविवार, २ मार्च

तलावातले धडे संपले. आज पहिल्यांदा समुद्रात.

तो रबरी पोशाख! उशीच्या अभ्र्यात गादी कोंबावी तशी मी त्यात शिरले. माझ्याबरोबर शिकायला – म्हणजे सरावाला – एक दातांचा डॉक्टर आहे. अखंड बडबड्या. दुसऱ्यांची तोंडं दिवसभर उघडी ठेवायला लावून त्याचं स्वतःचं मिटायचं राहून गेलं असावं. तो म्हणाला, "आजी, मदत करू?" मी म्हटलं, "आजी तुझ्या घरी. इथे चेन ओढ आणि गप्प बस."

मोठ्या होडीवरून उतरायचं होतं. मागच्या फळीवर उभं राहायचं, पायांतल्या रबरी फिनची टोकं बाहेर, एका तळव्याने मास्क आणि तोंडातली हवेची नळी दोन्ही दाबून धरायचं, दुसरा हात कमरेच्या पट्ट्यावर. आणि एक लांब टांग टाकायची.

मी खाली बघितलं.

"खाली काय आहे?" मगर म्हणाली... म्हणाला.

"पाणी."

"ते कुठे पळून जात नाही. समोर बघा. खाली बघाल तर डोकं आधी जाईल आणि टाकी मागून टाळक्यात बसेल."

"उडी मारायची का?"

"उडी कोण म्हणालं? पाऊल म्हणालो. रस्ता ओलांडता ना? तसंच. फक्त पलीकडे रस्ता नाही."

टाकलं पाऊल. कानात धप्प झालं, सगळं पांढरं झालं, आणि अंगातल्या फुगवलेल्या जॅकेटने मला बुचासारखं वर आणलं. डोक्यावर मूठ टेकवून 'ठीक आहे' अशी खूण करायची असते. केली. मगरीने लगेच हात झटकला – बाजूला व्हा, मागचा येतोय.

कबूल करते, मजा आली. पण ती वेगळी. सुडात मजा आली म्हणून सूड कमी होत नाही.

रविवार, ९ मार्च

एकही चूक सापडली नाही! चार तास डोळ्यांत तेल घालून बघत होते.

कोणी पाण्यात उतरायच्या आधी हा इंजिन बंद करतो आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात अडकवतो. प्रत्येकाच्या टाकीची तोटी आपल्या हाताने बघतो, दोन श्वास घ्यायला लावतो. ज्याला पाऊल टाकणं झेपत नाही त्याला फळीवर बसवून, हातांवर भार देऊन, हळूच वळवून पाण्यात सोडतो – आज एका जाड गृहस्थाला असा सोडला, जणू पाळण्यातलं मूल.

साहजिक आहे. एकीचा हात घेतल्यावर शहाणपण आलं. घर जळाल्यावर विहीर खणणारा!

दातवाल्याला सहज विचारलं, हे किल्ली गळ्यात घालणं कधीपासून? म्हणाला, "मी चार वर्षं येतोय. पहिल्यापासून."

हा मगरीचा मिंधा दिसतो. याची साक्ष बाद.

रविवार, १६ मार्च

आज लहान होडी. तीच! रंग बदललेला नाही. मी काठावर हात फिरवून बघितला. कुठे बसला असेल माझ्या बहिणीच्या डोक्यात? गुळगुळीत रबराची फुगीर कड आहे. बोट रुततं. असो. वेगात आलं तर उशीही लागते.

लहान होडीत उभं राहायचं नाही, ती कलंडते. काठावर पाठमोरं बसायचं, टाकी पाण्याच्या बाजूला. हनुवटी छातीला. एक हात मास्कवर, दुसरा मागच्या पट्ट्यावर. समोरच्याने आपल्या पाठीमागचं पाणी मोकळं आहे का ते बघून सांगायचं, कारण आपल्या पाठीला डोळे नसतात. (आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर सुपीरियरला होते.) मग मगर म्हणते एक, दोन, तीन – आणि तीनला सगळ्यांनी एकदम मागे लोळायचं. एकदम! दोन्ही काठांवरून. म्हणजे होडीचा तोल राहतो आणि कोणी कोणावर पडत नाही.

पहिल्या खेपेला दातवाला बोलत राहिला आणि तीन निघून गेलं. आम्ही तिघं पाण्यात, हा वर. मग घाईने मागे झुकायला लागला. मगर तीरासारखी आली आणि त्याची टाकी धरून त्याला आत खेचला. मी इतका मोठा आवाज कधी ऐकला नव्हता तिचा.

"तीन गेलं की तुमची पाळी गेली! चुकला तर बसून राहा. जन्मभर बसून राहा! तुमच्याखाली आता माणसं आहेत. पाठीवर लोखंड घेऊन कोणाच्या मानेवर पडणार तुम्ही?"

दातवाला पांढराफटक. मी पाण्यातून बघत होते, आणि माझ्या तोंडात हवेची नळी नसती तर ओरडून विचारलं असतं – माझ्या बहिणीच्या वेळी कुठे गेलं होतं रे हे तीन?

परत येताना मगर पुन्हा पुन्हा त्या काठाकडे बघत होती. बघितलं मी. बघू दे.

मंगळवार, १८ मार्च

लहानपणी सिस्टर सांगायच्या, सूड देवावर सोपवा. मी विचारलं होतं, देवाला वेळ नसेल तर? बाकावर उभं केलं मला. अजून उभीच आहे.

शुक्रवार, २८ मार्च

तक्रार केली. बंदराच्या कचेरीत. अधिकारी बाई तरुण आहे, केसांत पेन्सिल खोचते आणि मग टेबलभर शोधते. पण हुशार. माझं सगळं ऐकून म्हणाली, "मॅडम, हे तुम्ही ऐकलेलं. पाहिलेला माणूस कुठे आहे?"

खरं आहे. मी तिच्या जागी असते तर हेच विचारलं असतं. आणि एक जास्तीचं सांगितलं असतं – खोटा माणूस गोष्ट पाठ करतो, खरा माणूस दर वेळी काहीतरी विसरतो. आमच्या खात्यातला पहिला धडा हा.

ती म्हणाली, "त्यांना आणा. त्याच होडीवर सगळ्यांना तसंच बसवू. कोण कुठे होतं, काय झालं, करून दाखवू देत. दोष निघाला तर परवाना त्याच दिवशी जप्त."

त्याच दिवशी! परत येताना बसमध्ये एकटीच हसत होते. शेजारच्या बाईने पिशवी जवळ ओढली.

रविवार, ६ एप्रिल

मगरीला नोटीस पोचली. तरी मी गेले. का नाही जायचं? तोंड मी नाही, त्याने लपवायचं.

तो दोर गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, "तोटी बघितली का टाकीची? मागच्या वेळी अर्धीच उघडली होती."

"नोटीस मिळाली ना?"

"मिळाली."

"मग कळलं असेल मी कोण."

"ते पहिल्या दिवशीच कळलं. रागावलात की बहिणीसारख्याच नाकपुड्या फुगतात तुमच्या."

माझा हात आपोआप नाकावर गेला. "आणि तरी शिकवलंत?"

"पाण्यात उतरणाऱ्याला शिकवायचं. भांडायला किनारा आहे."

मग विचारलं त्याने, "साक्षीला कोण येणार?" म्हटलं, तिचा नवरा. तेव्हा मात्र हातातला दोर थांबला. "त्यांना नका आणू," म्हणाला. "हवं तर माझा परवाना असाच घेऊन जा."

घाबरला! अखेर घाबरला! आज दोन घास जास्त गेले.

मंगळवार, ८ एप्रिल

घरात भांडण. मेहुणे म्हणतात, पाठ धरली आहे. म्हणतात, आता काय उपयोग, हात का परत येणार आहे? मी म्हटलं, "सगळ्या इमारतीला गोष्ट सांगत फिरता, ती कचेरीत सांगायला पाठ धरते?" लागलं त्यांना. कबूल झाले. पण चहा अर्धा टाकून उठले.

धाकटी मग माझ्या खोलीत आली. "ताई, ह्यांना होडीवर नेऊ नकोस."

"का? एकदा मन घट्ट केलं की झालं."

"सोड ना ताई. माझं मी बघतेय."

"काय बघतेयस? खिडकी?"

ती डाव्या हाताने माझी चादर सारखी करायला लागली. लहानपणी तिची पेन्सिल कोणी पळवली तरी अशीच. दर वेळी मीच जायची मधल्या सुट्टीत मारामारीला, आणि ही माझी वेणी धरून मागे ओढायची. गरीब गाय.

शनिवार, १२ एप्रिल

उद्या. थर्मासमध्ये चहा न्यायचा. पालथ्या होडीवर बसून पिण्यासाठी.

रविवार, १३ एप्रिल

हात अजून गार आहेत. पण लिहिते. नीट, क्रमाने लिहिते.

समुद्र शांत होता. अधिकारी बाई होडीच्या पुढच्या टोकावर बसली होती, पेन्सिल केसांत. एका काठावर धाकटीच्या जागी मी. माझ्या डाव्या हाताला, त्या दिवशी होते तसेच, मेहुणे. समोरच्या काठावर दातवाला आणि त्याचा मित्र, वजनाला. बाईंनी मेहुण्यांना विचारलं, इंजिन चालू होतं ना? ते म्हणाले, "हो... म्हणजे तसा आवाज होता." बाई म्हणाली, आज आधी नियमाप्रमाणे करू, मग तुम्ही फरक सांगा. मगरीने किल्ली गळ्यात घातली.

मग तो आमच्यासमोर येऊन गुडघे टेकून बसला आणि त्याने मेहुण्यांच्या टाकीच्या मुठीवर हात ठेवला. घट्ट. मी मनात म्हटलं, बघा! अधिकाऱ्यादेखत साक्षीदाराला दाबतोय! मास्क होता म्हणून, नाहीतर बोललेच असते.

"मागे मोकळं," दातवाला म्हणाला.

एक. दोन. तीन.

मी गेले. आता अंगात मुरलं आहे ते, डोक्याला विचारावं लागत नाही. पांढरा फेस, गार पाणी, आणि वर. प्रवाहाने मला थोडं डावीकडे नेलं होतं. डोक्यावर मूठ ठेवायला हात उचलला आणि वर बघितलं.

माझ्या बरोब्बर वर टाकीचं गोल बूड होतं.

मेहुणे अजून काठावरच! तीन होऊन गेलं होतं आणि ते बसलेलेच. मास्क चाचपत, चुळबुळत. मग बाई आपल्याकडे बघते आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं. कारण एकदम, घाईने, मागे न बघता, ते लोळले.

खाली मी.

पडले नाहीत. मगरीने एका हाताने ते सगळं ओझं, माणूस, लोखंड, सगळं, काठावरच पेलून धरलं. त्याच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या. अर्धवट लटकलेल्या मेहुण्यांचा चेहरा मला उलटा दिसत होता. काचेमागचे डोळे. आश्चर्य नव्हतं त्यांत. ओळख होती. जी जागा पुन्हा बघायची नाही असं ठरवावं, तीच समोर आल्यावर असते तशी.

कोणी सांगायची गरज उरली नाही मला.

होडीत चढल्यावर बाई त्यांना म्हणाली, "आता सांगा, फरक काय होता?" म्हणाले, "पाय घसरला माझा." परत विचारलं. परत, "पाय घसरला." मी तक्रार मागे घेतली. ओल्या कपड्यांत, तिथल्या तिथे. बाईंनी कारण विचारलं तर म्हटलं, वय झालं, गैरसमज होतात.

धक्क्यावर मगर भांडं घेऊन होडीतलं पाणी उपसत होती. मी जवळ गेले. "त्या दिवशीही माझा मेहुणाच?"

त्यांनी उपसणं थांबवलं नाही. "त्या दिवशी मी दुसऱ्या टोकाला होतो. पोचलो नाही. म्हणून जबाबदारी माझी."

"मग सांगितलं का नाहीत कोणाला? परवाना जात होता तुमचा!"

"शब्द दिलाय."

"त्याला?"

"त्यांना कशाला? ज्यांचा हात गेला, त्यांना."

थर्मासमधला चहा त्यांना दिला. होडी सुलटी होती. तिच्या काठावर बसून प्याले ते. माझा कप मी पाण्यात ओतला.

पाच महिने! पाच महिने त्या माणसाने माझ्यासमोर तिचे केस विंचरले, पाठ केलेली गोष्ट लोकांना ऐकवली, आणि मी – माणसं वासावर ओळखणारी मी – त्याला सोनं म्हटलं! आणि धाकटीने पदर घातला त्याच्या पापावर. घर टिकावं म्हणून. गरीब, भित्री, क्षमाशील!

आता मला कोणी आवरू नये. उद्या सकाळी त्याला तिच्यासमोर उभा करते. सगळं त्याच्याच तोंडून वदवून घेते.

सोमवार, १४ एप्रिल

तो पाणी तापवायला गेला तेव्हा धाकटीला गाठलं. म्हटलं, "तुला माहीत होतं."

"तूही काल पाण्यातून वर बघितलंस ना? मीही बघितलं होतं."

"आणि गप्प बसलीस! एवढी कसली गं दया येते तुला?"

"दया?" तिने डाव्या हाताने उजवा उचलला आणि मांडीवर नीट ठेवला. "ताई, मी बोलले की हे रडतील. पाय धरतील. चार लोक म्हणतील, झालं गेलं विसरा. मग मला माफ करावं लागेल, आणि हे मोकळे होतील. मला हे मोकळे नको आहेत."

तो आला. फणी शोधायला लागला. फणी तिच्याजवळच होती, तिने पुढे केली.

"अहो, भांग सरळ काढा हं," ती गोड आवाजात म्हणाली. "काल वाकडा होता."